जशी होती तशी

एका खाडीच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात नावा बांधणारा एक सुतार होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याची नातवंडं अजून आहेत, त्यांना कशाला खाली बघायला लावा? गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, आपणही तेच म्हणू.

मिस्त्रीचा हात सोन्याचा होता, पण जिभेला हाड नव्हतं. "माझी नाव नारळी पुनवेचा मुहूर्त कधी चुकवत नाही," हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

एका वर्षी तो 'मोतीमाला' नावाची मोठी नाव बांधत होता. पुनव दोन दिवसांवर आली आणि डाव्या बाजूची, तळाकडून तिसरी फळी ठोकताना तडकली. दुसरी चांगली फळी आणायची तर आठ दिवस हवेत. कोपऱ्यात एक फळी पडली होती, पण तिच्यात मधोमध गाठ होती, आणि गाठ आतून पोकळ. मिस्त्रीने इकडे तिकडे पाहिलं. गाठीत कापूस आणि राळ कोंबली, वरून डांबर फासलं, फळी बसवून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुनवेला नाव पाण्यात उतरली, मिस्त्रीच्या गळ्यात हार पडला.

मोतीमाला तीन वर्षं चालली. तिच्या सुकाणूवर धर्मा तांडेल असायचा. धर्मा म्हणजे मोठा भरवशाचा माणूस, त्याच्या नावेत चढताना बायका नवऱ्यांना "सांभाळून जा" सुद्धा म्हणत नसत. चौथ्या वर्षी, मार्गशीर्षात, समुद्र तव्यासारखा सपाट असताना पहाटे खाडीच्या तोंडाशी नावेत भसाभस पाणी शिरलं. सगळे पोहून काठाला लागले. नाव मात्र गेली.

आता शांत पाण्यात नाव बुडते कशी? खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे. गावाने ठरवलं, तांडेलाने नाव खडकावर घातली. "डोळा लागला असेल," कुणीतरी म्हणालं, आणि तेच पक्कं झालं. त्या दिवसापासून धर्माच्या हाती कुणी सुकाणू दिलं नाही. तो काठावर बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागला. मिस्त्रीला मात्र बातमी ऐकताच ती गाठ आठवली. त्याने रंधा उचलला आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं.

त्या गावात एक रीत होती. नाव बुडाली की ज्या हातांनी ती घडवली त्याच हातांनी तिची हातभर लांबीची प्रतिकृती करायची. ती देवीच्या देवळात टांगायची, म्हणजे बुडालेल्या नावेला जागा मिळते, ती दुसऱ्या नावांना खाली ओढत नाही. टांगताना करणाऱ्याने सगळ्यांसमोर देवीला सांगायचं, "जशी होती तशी केली." बस, एवढे चारच शब्द.

पावसाळ्यात नावा काठावर आल्या आणि मिस्त्री कामाला बसला. काय ती नाव घडवली! बोटाएवढी वल्ही, करंगळीएवढा नांगर, कातडं ओढावं तसं ताणलेलं शीड. धक्क्याला आपटून नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पडलेला पोचासुद्धा त्याने सोडला नाही. सुकाणूच्या दांड्यावर धर्माच्या तळव्याने झालेली झीज त्याने कानशीने घासून घासून आणली.

मग तो डाव्या बाजूच्या तिसऱ्या फळीपाशी आला.

चार दिवस ती जागा तशीच उघडी राहिली. मिस्त्री सकाळी बसायचा, तिच्याकडे बघायचा आणि उठून विडी ओढायला जायचा. पाचव्या दिवशी त्याने सागाची एक सरळ, निर्मळ पट्टी काढली आणि ती बसवून टाकली.

नारळी पुनवेला नाव देवळात आणली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "अगं बाई, हीच ती!" तांडेल पुढे आला. दांड्यावरच्या झिजेवर त्याने बोट टेकवलं.

"मिस्त्री, अगदी तीच हो," तो म्हणाला. "तुमचा हात देवाचा. माझाच हात कमी पडला."

मिस्त्रीला वाटलं, धरणीने आताच्या आता पोटात घ्यावं. पण गावचे पाटील शाल घेऊन उभे होते, सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने खाली बघून म्हटलं, "जशी होती तशी केली."

म्हटलं खरं. शाल अंगावर पडली आणि त्या भर गर्दीत त्याला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी धर्माची बायको सुके बोंबील घेऊन दारात आली. "घरात दुसरं काही नाही, मिस्त्रीदादा. तुम्ही आमची नाव परत आणलीत, म्हणून." नाही म्हणायला तोंड नव्हतं. मिस्त्रीने ते घेतले, भाजले, पानात वाढून घेतले, पण त्यातला एकही मोडला नाही. शेवटी सगळं मांजरापुढे टाकलं. शाल त्याने पेटीच्या तळाशी दडपली. कुणी "वा मिस्त्री!" म्हटलं की त्याला शिवी खाल्ल्यासारखं व्हायचं. रस्त्याने जाळी विणणारा धर्मा दिसला की तो वळसा घालून, चिखल तुडवत घरी जायचा.

एका दुपारी तो देवळाच्या दाराशी आला, तर धर्मा टांगलेल्या नावेखाली मान वर करून उभा. मिस्त्री मागे फिरणार, तेवढ्यात हाक आली.

"मिस्त्री, बरे भेटलात. तुम्हीच सांगाल. मी रोज येऊन बघतो. खडक कुठे लागला असेल हो? एवढी मजबूत नाव! एक फळी कच्ची नाही. मग माझा डोळाच लागला असणार, नाही का? मला तर जागा असल्यासारखं आठवतं."

आता तरी बोल, बाबा! पण नाही.

"असेल कुठेतरी," मिस्त्री पुटपुटला आणि पायऱ्या उतरला. जनाची नाही, पण मनाची लाज असतेच ना! घरी येऊन तो कामाच्या ओट्याशी बसला आणि त्याने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. त्या माणसाचं नुसतं सुकाणू गेलं नव्हतं. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला होता, आणि तो आपण घेतला होता.

ओटा डुगडुगू नये म्हणून त्याखाली लाकडाचा एक तुकडा सारलेला होता. मिस्त्रीने तो ओढून काढला. त्याच फळीचा उरलेला तुकडा होता तो, तसलीच दुसरी पोकळ गाठ घेऊन चार वर्षं तिथेच पडलेला.

दसऱ्याला गाव देवळात जमलं. मिस्त्री सगळ्यांसमोर उठला, त्याने ती नाव खाली उतरवली आणि पाटलांना म्हणाला, "एक घंगाळ पाणी मागवा."

"अरे, टांगलेली नाव उतरवतात का कुठे?"

"मागवा, पाटील. तुमच्या पाया पडतो."

पाणी आलं. मिस्त्रीने सागाची ती निर्मळ पट्टी उपटली आणि त्या जुन्या तुकड्यातून तासलेली, गाठीची पट्टी तिथे बसवली. गाठीत कापूस कोंबला, वर डांबराचं बोट फिरवलं, नावेच्या पोटात भाराचे चार गोटे ठेवले आणि नाव पाण्यात सोडली. ती डौलात तरंगली. मग त्याने सळईने तो कापूस आत ढकलला.

"तीन वर्षांत समुद्राने हेच केलं," तो म्हणाला.

नाव डावीकडे कलली. पाणी आत चढू लागलं. बघता बघता शीड भिजलं आणि नाव घंगाळाच्या तळाला जाऊन बसली.

"आता जशी होती तशी केली," मिस्त्री म्हणाला. "फळी मी लावली. मुहूर्ताच्या हट्टापायी. मग लाजेपायी गप्प बसलो. देवीपुढेही खोटं बोललो."

गलका झाला. कुणी शिव्या घातल्या, कुणी अंगावर धावून गेलं. पाटील ओरडले, "आमची पोरं होती रे त्या नावेत!" मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. धर्मा मात्र घंगाळापाशी मटकन बसला.

"म्हणजे खडक नव्हता?"

"नव्हता."

"मी जागा होतो?"

"जागा होतास, धर्मा."

दहा महिन्यांत एकदाही न रडलेला तो माणूस गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखा रडला. मिस्त्रीने त्याच्या पायांना हात लावायला हात पुढे केला, पण धर्माने पाय मागे घेतले.

त्यानंतर मिस्त्रीला कुणी मिस्त्री म्हटलं नाही. त्याने आपल्या अंगणातला साग पाडला आणि त्याची नवी नाव बांधली. पुढची नारळी पुनव आली आणि गेली, नाव अजून अर्धीच होती. मुहूर्त चुकला. सुतार एक शब्द बोलला नाही.

ती पुरी झाली ती त्यापुढच्या पुनवेला. डांबर लावायच्या आधी त्याने सगळ्या गावाला बोलावलं आणि सुकाणू धर्माच्या हाती दिलं. धर्माने सुकाणू बाजूला ठेवलं. तो नाळेपाशी गेला आणि बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकून, कान लावून ऐकू लागला. एकूण एक फळी. दुपार कलली. सगळं गाव बघत होतं आणि सुतार उन्हात मान खाली घालून उभा होता. शेवटची फळी वाजवून धर्मा सरळ झाला.

"डांबर लावा, सुतारदादा," तो म्हणाला, "आणि ढकला पाण्यात."

त्या गावात अजूनही फळ्या ठोकून ऐकल्याखेरीज नावेला डांबर लावत नाहीत. आणि देवळात मोतीमाला टांगलेली आहे, गाठीच्या फळीसकट.

तात्पर्य काय, तर आपली चूक आपण डांबराखाली झाकतो, पण तिची शिक्षा तेवढे दिवस दुसरा कुणीतरी भोगत असतो. म्हणून लाज वाटली की तोंड लपवू नये, उघडावं.