तोरणाखालची झडती

पोळ्याचा दिवस, दुपारचे चार. पिंपळशेंड्याच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. त्याखाली गावच्या बैलजोड्या उभ्या.

“काहून घेता त्यायचा मान?” विनय तायडेनं विचारलं.

सोनबा खंडारे बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवत होते.

रस्ता, पाणी, स्मशान... तालुक्यातल्या दलित वस्त्यांना यातलं काहीही कुणी आपणहून दिलं नाही. सोनबांनी ते लढून घेतलं. विनय त्यांच्याच हाताखाली तयार झालेला वकील. हुशार, आणि ते त्यालाही पक्कं ठाऊक.

एका पोळ्याला सोनबांचा धाकटा भाऊ काशी आपली जोडी घेऊन, वस्तीतला पहिलाच, या ओळीत उभा राहिला होता. त्याच रात्री त्याचा गोठा पेटला. काशी आणि बैल आतच होते. पोलिसांनी लिहिलं, कंदील कलंडला. दाराची कडी बाहेरून लावलेली होती. ती साऱ्या गावानं पाहिली, पंचनाम्याला तेवढी दिसली नाही.

आता सरपंच विलासराव सांगून गेले होते की यंदा मानाची जोडी सोनबांची, पहिली झडतीही त्यांचीच. झालं गेलं विसरू. सोबत फोटोवालाही आणला होता.

विनय भडकला. ते तुकडा फेकतात आणि तुम्ही उचलता, म्हणाला. घरी चला, मी पुन्हा अर्ज करतो.

“अर्ज लय झाले, वकीलसाहेब,” सोनबा म्हणाले. “कासरा धर.”

जोडी तोरणाखाली आली.

झडती म्हणजे पोळ्यात मोठ्यानं म्हणायच्या दोन ओळी. या गावची रीत अशी, की पहिल्या झडतीला गावाकडून उत्तर आलं, तरच तोरण तुटतं आणि जोड्या घरी जातात. एरवी उत्तरासाठी तरण्या पोरांची चढाओढ लागते.

सोनबांनी डोक्याचा रुमाल खांद्यावर टाकला.

“गोठा जळला, बैल जळले, जळला आमचा काशी,
बाहेरून कडी कोणी लावली, सांगा पोळ्यापाशी!”

हलगी थांबली.

सरपंच हसले. म्हातारा थट्टा करतोय म्हणाले, पोरांना तोरण तोडायला सांगितलं. कुणी हललं नाही. तेव्हा ते स्वतःच काठी घेऊन निघाले.

तुळशीराम गावंडे सरपंचांच्या भावकीतला. त्यानं आपली जोडी त्यांना आडवी घातली.

“रीत ते रीत, विलास. आधी उत्तर दे.”

“तू कोणाकडून आहेस रे?”

“पोळ्याकडून.”

मागे कुणीतरी हसलं. मग एकेक शेतकरी कासरा आवळून जागीच पाय रोवून उभा राहिला. वस्तीतल्या बाया आजवर पोळा वेशीबाहेरून पाहत आल्या होत्या. त्या सरळ चालत तोरणाखाली आल्या. हलगी पुन्हा वाजू लागली, या वेळी त्यांच्या बाजूनं. फोटोवाल्याला आता कुणाचा फोटो काढायचा ते कळेना.

विनयनं कासरा मनगटाला गुंडाळून घेतला. मघाचा ताठा त्याच्या तोंडावरून उतरला होता.

दिवस कलला. कडी लावणाऱ्याचं नाव आलं नाही.

“दादा... कोणी बोललंच नाही तर?”

सोनबांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. वेशीत अख्खा गाव थांबला होता, सरपंचासकट.

“आपण पिढ्यानपिढ्या उभे होतो, विनय. आज त्यायले उभं राहू दे.”