वीस माणसांची चूक

फार फार वर्षांपूर्वी डोंगराळ मुलखात एक राज्य होतं. पावसाळ्यात तिथल्या नद्यांना असा पूर येई, की चार महिने एका गावाचं माणूस दुसऱ्या गावात जात नसे. म्हणून मृग लागायच्या आत राजा गावोगाव माणशी धान्य पोचवी.

कुठे किती माणसं, हे कारभारी मोजून सांगे. एका वर्षी त्याने मोजायचा कंटाळा केला आणि घोड्यावरूनच अदमास बांधला. राजधानीत नऊशे ऐंशी, नदीपलीकडच्या वाडीत वीस. तेवढ्यांचंच धान्य गेलं.

खरं तर राजधानीत हजार माणसं होती आणि वाडीत चाळीस.

राजधानीत भाकरी जराशी पातळ झाली, एवढंच.

वाडीत धान्य वाटायचं काम सगुणा नावाच्या बाईकडे होतं. शेवटच्या होडीतून उतरलेली पोती तिने पाहिली, तोवर नदी भरली होती. तिने आधी पोरांना वाढलं, मग लेकुरवाळ्यांना. म्हाताऱ्यांनी आपणहून ताटं पालथी घातली. त्यांत तिचा नवराही होता. ती वाढायला उठली की तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. श्रावणात तो गेला. त्याच्यामागून आणखी गेले.

पूर ओसरल्यावर सगुणा दरबारात आली. कारभाऱ्याने शांतपणे सांगितलं, की दोन्हीकडे चूक वीसचीच झाली. राजधानीची तक्रार नाही, मग वाडीचीच का असावी? राजालाही ते पटलं.

सगुणा म्हणाली, "महाराज, चूक खऱ्या आकड्याशी ताडून बघा. हजारांत वीस, म्हणजे शंभरांत दोन. चाळिसांत वीस, म्हणजे शंभरांत पन्नास. तुमच्याकडे कुणाला कळलंही नाही. माझ्या हाताने मी घरच्या माणसाला उपाशी ठेवलं."

राजाने मनाशी हिशेब केला आणि मान खाली घातली. कारभाऱ्याला त्याने त्याच दिवशी काढून टाकलं.

पुढच्या वर्षी वाडीला चाळीस माणसांचं धान्य गेलं. होडीवाल्याने ते तसंच परत आणलं. उरलीसुरली माणसं डोंगर ओलांडून परमुलखात निघून गेली होती आणि चुलींत गवत उगवलं होतं.

तात्पर्य: चूक किती झाली एवढंच विचारू नये, कितीतली झाली, हे आधी विचारावं.