येसूआत्याचा ठोका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या पणज्यांच्याही आधीची. तेव्हा तांबट आळीत दिवस उजाडायचा तो हातोड्यांच्या आवाजानं. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. कोणाचे दोन जड, एक हलका, तर कोणाची नुसती घाई. डोळे मिटून ऐकलं तरी कोण कामाला बसलंय ते कळायचं.

मग प्लेग आला. उंदीर पडले, मागोमाग माणसं पडली, आणि उरलेली नदीपलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहिली. येसूआत्याचा एकुलता एक मुलगा मोरेश्वर त्यातच गेला. साथ ओसरली, तरी परतायला कोणी धजेना. तेवढ्यात दवंडी पिटली गेली, की शिमग्यापर्यंत आळी वसली नाही तर सरकार रिकामी घरं पाडून टाकणार. त्यांत आत्याचंही घर होतं. मोरेश्वराचं म्हणून जे उरलं होतं, ते त्या घरातच होतं.

तिच्यासारखीच, मागेपुढे कोणी नसलेली चार म्हातारी माणसं तिनं गोळा केली आणि मंडळ काढलं. दुसऱ्याचं घर झाडायचं आणि त्याच्याकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, एवढाच नियम. त्यांनी बिळं बुजवली, गटारं उपसली, विहीर साफ केली, भिंतींना चुना लावला. आळी लख्ख झाली, पण माणूस येईना. जो तो म्हणे, आधी शेजारी जाऊ दे, मग मी जातो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

तेव्हा आत्या गोपाळ तांबटाच्या रिकाम्या घरात शिरली आणि त्याच्या ऐरणीवर त्याचाच ठोका वाजवू लागली. तिथून उठली ती शेजारच्या घरात, तिथला ठोका. असं म्हणतात, की तो आवाज नदी ओलांडून माळावर पोचला. असंही म्हणतात, की तिचे दोनच हात सगळ्या घरांत एकदम वाजत होते. आणि नवल असं, की स्वतःच्या घरचा ठोका कोणालाच ऐकू आला नाही, फक्त शेजाऱ्याचा आला.

पहिला परतला गोपाळ, बायकापोरांसकट. बघतो तर आळीत चिटपाखरू नाही, आणि शेजारच्या घरात म्हातारी हातोडा घेऊन बसलेली.

"आत्या, तू फसवलंस आम्हांला. माझी पोरं मेली तर?"

"फसवलं, बाबा. शाप दे मला. पण आता तू ठोकायला बस, म्हणजे पुढचा तरी खऱ्या ठोक्यावर येईल."

गोपाळ बसला. त्याचा ठोका ऐकून दुसरा आला, दुसऱ्याचा ऐकून तिसरा. त्याच महिन्यात गोपाळची धाकटी पोर तापानं गेली. प्लेग नव्हता म्हणतात, पण खात्रीनं कोण सांगणार? गोपाळ आत्याशी पुन्हा कधी बोलला नाही. आळी सोडूनही गेला नाही.

शिमग्याला आळी भरली होती. घरं वाचली. सगळ्यांचे ठोके वाजवणाऱ्या आत्यानं स्वतःच्या घरचा तेवढा वाजवला नव्हता, तिच्यानं वाजवलाच गेला नव्हता. त्या संध्याकाळी ती मोरेश्वराच्या ऐरणीशी बसली. त्याचा ठोका ऐकला आणि सगळी आळी हातातलं काम टाकून उभी राहिली. असं म्हणतात, की दिवस मावळेपर्यंत तो वाजला. मग थांबला. लोक आत गेले, तेव्हा आत्यानं ऐरणीवर डोकं टेकलेलं होतं आणि प्राण गेलेला होता.

आता आळीत स्टीलची दुकानं आहेत. मंडळ अजून आहे. एखादं घर ओस पडलं, की मंडळाची माणसं ते झाडून घेतात आणि नवं बिऱ्हाड येईपर्यंत रोज तिन्हीसांजेला तिथं तांब्यावर ठोका देतात. आत्याच्या घरी तर तो रोजचाच. मोरेश्वराचा ठोका कसा होता, ते आता कोणालाच ठाऊक नाही. ज्याला जसा जमेल तसा तो वाजवतो.