हरणांच्या वतीनं आभार

सकाळचे साडेसहा. ठिकाण, कोळेकर कुटुंबाचं कुरण. रानातली काळविटं इथं चरायला येतात, म्हणून कोळेकरांनी या जमिनीत कधी नांगर घातला नाही. पाहुण्यांना ते बैलगाडीतून फिरवतात, कारण बैलगाडीला हरणं बुजत नाहीत.

सभापती दौलतराव निंबोरे मात्र मोटारींचा ताफा घेऊन, हॉर्न वाजवत आत शिरले. मग हरणं दिसणार कुठून?

"इथं एकही हरीण नाही," ते सोबतच्या वनाधिकाऱ्यांना म्हणाले. "लोकांना फसवायचा धंदा आहे हा. परवानगी आजच रद्द करा."

मंदाताई कोळेकरांचं घर या फेऱ्यांवरच चालत होतं. त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमचे तर आमच्यावर उपकार आहेत."

"ते कसले?"

"इथली हरणं ज्यांच्या पिकात तोंड घालतात, त्यांच्या दारी आम्ही सुगीनंतर गवताचा भारा घेऊन जातो. ती माणसं सोसतात म्हणून हरणं जगतात. यंदा तुमच्याकडंही आलो होतो. हरणांनी सगळी तूर खाल्ली म्हणून तुम्ही सरकारकडून भरपाई घेतलीत ना? वहिनींनी भारा ठेवूनही घेतला. आता हरणंच नाहीत म्हणताय, तर आम्ही आभार मानले ते कुणाच्या वतीनं?"

वनाधिकारी खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडे बघू लागले. सभापती मोटारीत बसले.

कोळेकरांची परवानगी कायम आहे. निंबोऱ्यांची तूर कुणी खाल्ली, याचा खुलासा अजून कुणीही केलेला नाही.