बेहेरेसाहेबांचं "कळवू"

कोल्हापुरातल्या एका हॉलमध्ये नव्या गेमिंग कन्सोलची आगाऊ नोंदणी चालली होती. कंपनीचे बेहेरेसाहेब सूट घालून टेबलामागे बसले होते, आणि पोरं एकच प्रश्न विचारून थकली होती.

"साहेब, इंटरनेट नसलं तर हा चालतो का?"

"उत्तम अनुभवासाठी इंटरनेट असलेलं बरं."

"पण नसलंच तर?"

मुलगी बघून निघालेल्या पाहुण्यांसारखे साहेब गोड हसले. "कळवू की!"

नोंदणी मात्र आजच संपत होती.

रांगेत रेवती चौगले धुमसत होती. गगनबावड्याजवळच्या तिच्या घरी रेंज येतच नव्हती. दोन वर्षांच्या बक्षिसांचे पैसे जमवून ती आली होती, आणि हा माणूस धड उत्तर देईना!

तिची पाळी आली. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "लिहू ना नाव, बाळ?"

रेवती खाली बघतच म्हणाली, "नाव लिहिलेलं बरं."

"म्हणजे घेणार ना?"

"कळवू की!"

रांगेत हशा पिकला. साहेब लालबुंद झाले. "अगं, माणसं खोळंबलीत! हो की नाही, एका शब्दात सांग!"

आता रेवतीनं मान वर केली. "एका शब्दात सांगता येतं होय? मग आधी तुम्ही सांगा. आम्ही सकाळपासून विचारतोय."

"सांगा, साहेब, सांगा!" मागून गलका झाला.

साहेबांनी टाय सैल केला. "लागतं," ते पुटपुटले. "रोज एकदा तरी."

रेवतीनं कोरा फॉर्म परत सरकवला.

"मग माझं उत्तर 'नाही'," ती म्हणाली, आणि तिच्यामागची निम्मी रांग दाराकडे वळली.