राजाच्या कानाचं दार

एक होता राजा. त्याच्या डाव्या कानाला होतं चांदीचं दार! इवलंसं, कडीसकट, बरं का. जन्मापासून बंद. म्हणून राजा ऐकायचा एकाच कानानं, आणि एकाच माणसाचं. जो दरबारात आधी पोचेल, तोच खरा! मग काय, भांडण झालं रे झालं की लोक धावत सुटायचे.

त्या राज्यात होती धुरपा. एकटी, पायानं अधू. तिचा शेजारी रंगराव शिलेदार. त्याची घोडी म्हणजे वारा! एकदा काय झालं, रंगरावानं धुरपाच्या कोंबड्या उचलल्या, घोडीला टाच मारली, दरबार गाठला. "कोंबड्या माझ्या!" राजा म्हणाला, "तुझ्याच." धुरपा पोचेस्तोवर दरबार उठलेला. मग त्यानं शेळी नेली. तेच झालं.

तिसऱ्यांदा तो म्हणाला, "विहीर माझी!"

अगं बाई! ती विहीर धुरपानं नवऱ्याबरोबर खणलेली. निघाली काठी टेकत, धापा टाकत. पोचली, तर राजा सिंहासनावरून उठतोय! मग धुरपा थेट त्याच्या डाव्या अंगाला गेली, आणि कानाच्या दारावर टक टक टक! शिपाई धावले. तेवढ्यात कडी निघाली, दार उघडलं... कर्रर्र!

"महाराज, मी उशिरा आले. पण उशिरा येणारा खोटा असतो का हो?"

राजा दचकला. आता त्याला समोरचा रंगराव नि धुरपा, दोघंही ऐकू येत होती! कुणाचं खरं? मग त्यानं जन्मात पहिल्यांदा प्रश्न विचारला.

"रंगराव, विहिरीला पायऱ्या किती?"

"अं... शंभर, महाराज!"

"बाई, तू सांग."

"बावीस. सतरावी फुटकी आहे. तिच्यावरूनच पडले नि पाय मोडला."

राजा स्वतः निघाला. मागून सारं गाव! राजा विहिरीत उतरला, मोठ्यानं मोजत. पंधरा... सोळा... सतरावी फुटकी! बावीस, आणि लागलं पाणी!

"विहीर धुरपाची!" राजा ओरडला. "शेळीही, कोंबड्याही. आणि रंगराव, ती पायरी तू नीट करून द्यायचीस."

असं तिथं कधी घडलं नव्हतं. याला म्हणावं तरी काय? मग लोकांनी नाव ठेवलं, न्याय.

रंगराव तीन दिवस उन्हात दगड घडवत बसला. धुरपानं कळशी भरली नि त्याच्यापुढं धरली. "दमलास. पी." तो खाली मान घालून प्याला.

मग सगळे सुखानं नांदले. चला, पांघरूण घ्या, मिटा डोळे.