एकाच दांडीवरच्या चौघी

फार पूर्वी, म्हणजे फोन लावायला लोक गच्चीवर चढायचे त्या काळी, घाटातल्या एका टॉवरवर एक अँटेना राहत असे. समोरच्या कड्यावर आपटून फोनच्या रेडिओ लाटा एकमेकींना गिळायच्या, म्हणून दहातला एक फोन तिला ऐकूच येत नसे.

कचेरीतल्या विद्वान संगणकाने उपाय काढला. "चार अँटेना बसवा. चौघी एकदम बहिऱ्या होणं दहा हजारांत एकदा!"

मग चौघींना एकाच दांडीवर खेटून बसवलं, कारण दुसरी दांडी लावायचा सगळ्यांनाच कंटाळा.

"संगणकराव," म्हातारी अँटेना म्हणाली, "एवढ्या जवळ बसलो तर एकीला ऐकू येणार नाही ते चौघींनाही येणार नाही. आम्हाला लांब लांब बसवा."

"तुम्ही ऐकायचं काम करा, बाई. गणित आमच्याकडे."

त्याच आठवड्यात वाडीतल्या नर्स रेवताबाईंनी अडलेल्या बाळंतिणीसाठी सात वेळा अँब्युलन्सला फोन लावला. चौघींपैकी एकीलाही ऐकू आला नाही. शेवटी डोलीतून घाट उतरताना बाळ करवंदीच्या जाळीपाशीच जन्मलं. त्याचं रडणं मात्र दोन गावांना ऐकू गेलं.

संगणकाने अहवाल लिहिला: "दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट लागोपाठ सात वेळा घडली. गणित अचूक आहे, रेवताबाईंचं नशीब वाईट. पाचवी अँटेना बसवावी. दांडीवर अजून वीतभर जागा आहे."